लेकीचे कार्ड, रोख युरो, की आपले कार्ड?

पत्राचा सारांश: ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या 63 वर्षांच्या एका वाचक भगिनीची लेक आणि जावई जर्मनीत असतात. मे महिन्यात त्या आणि त्यांचे यजमान तीन आठवड्यांसाठी प्रथमच परदेशी निघाले आहेत. त्यांतले आठ दिवस ते दोघेच अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस आणि स्वित्झर्लंड पाहणार आहेत. लेक म्हणते, ‘आई, माझे कार्ड घेऊन जा, पिन चिठ्ठीवर लिहून देते.’ यजमानांचा आग्रह सहा हजार युरो रोख कमरेच्या पट्ट्यात बांधून नेण्याचा आहे, कारण ‘उधारीचे कार्ड’ त्यांना घरात नको आहे. सोसायटीतील एका जाणत्या गृहस्थांचा सल्ला असा, की परदेशात कार्ड वापरावे, पण मशीनवर रुपयांचा पर्याय निवडावा, म्हणजे किती पैसे गेले ते लगेच कळते. पत्राच्या शेवटी भगिनींनी कंसात लिहिले आहे: ‘माझे निवृत्तिवेतन माझ्याच खात्यात येते, पण कार्ड काढायचे झाले तर यांच्याच नावाने काढावे लागेल ना?’

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही कंसात विचारला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. कार्ड यजमानांच्या नावानेच काढावे लागेल, असा कोणताही नियम नाही. निवृत्तिवेतन हे उत्पन्नच आहे आणि त्याच्या आधारावर तुमच्या स्वतःच्या नावाने कार्डासाठी अर्ज करता येतो. काही बँका साठीनंतर नवे कार्ड देताना वयाची अट पुढे करतात हे खरे आहे, पण त्यावरही सरळ मार्ग आहे. तुमच्या नावावर मुदत ठेव असेल, तर त्या ठेवीच्या तारणावर अनेक बँका क्रेडिट कार्ड देतात. ठेवीवरचे व्याज चालूच राहते, कार्डाची मर्यादा ठेवीच्या रकमेवरून ठरते आणि उत्पन्नाच्या कागदपत्रांचा फारसा तगादा लागत नाही. कार्ड चालू आहे तोवर ती ठेव मोडता येत नाही आणि बिल थकले तर बँक ठेवीतून रक्कम वळती करून घेते, एवढे मात्र आधीच लक्षात घ्यावे.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की तुमच्या पत्रातील प्रत्येक पर्यायात सगळे पैसे एकाच ठिकाणी आणि एकाच माणसाच्या हाती आहेत. लेकीचे एक कार्ड, नाही तर यजमानांच्या कमरेचा एक पट्टा. प्रवासाला मात्र दोन माणसे निघाली आहेत. पॅरिसच्या मेट्रोत गर्दीमुळे एक जण डब्यात चढला आणि दुसरा फलाटावर राहिला, असे कुणाच्याही बाबतीत होऊ शकते. त्या वेळी फलाटावर राहिलेल्या व्यक्तीजवळ स्वतःचे कार्ड, स्वतःला पाठ असलेला पिन आणि थोडी रोख असली पाहिजे. बँकेतील नोकरीत मी कितीतरी जोडपी पाहिली, ज्यांत पत्नीचे खाते वर्षानुवर्षे चालू असे, पण तिला पिन ठाऊक नसे. ठाण्यात राहून ते निभावते, कारण घर जवळ असते. परदेशात ते निभावेलच असे नाही.

यजमानांच्या कार्डावर तुम्हाला ॲड-ऑन कार्डही मिळू शकते आणि पुष्कळ घरांत तोच सोपा मार्ग मानला जातो. पण ॲड-ऑन कार्डाची मर्यादा मुख्य कार्डाशी जोडलेली असते आणि काही कारणाने मुख्य खातेच अडले, तर दोन्ही कार्डे एकदम निकामी होतात. त्यामुळे दोघांची दोन स्वतंत्र कार्डे असावीत आणि ती वेगवेगळ्या बँकांची असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. नेटवर्क व्हिसा किंवा मास्टरकार्ड असावे, कारण युरोपात ही दोन जवळजवळ सर्वत्र चालतात.

आता लेकीच्या कार्डाविषयी. तिचा हिशेब चुकीचा नाही. जर्मनीतील बँकेचे कार्ड युरोमध्येच चालते, त्यामुळे पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये चलन बदलण्याचा खर्च येत नाही, आणि आपल्या भारतीय कार्डावर तो येतो. पण कार्ड आणि पिन दुसऱ्याला, अगदी आईवडिलांनाही, देऊ नये असे बँकांच्या करारांत लिहिलेले असते. ते कार्ड चोरीला गेले आणि पर्समध्ये पिनची चिठ्ठीही सापडली, तर बँक ते लेकीचेच दुर्लक्ष समजेल आणि नुकसान तिच्या माथी येईल. शिवाय ऑनलाइन तिकीट काढताना मंजुरीची सूचना तिच्या फोनवर जाणार, म्हणजे ती ऑफिसातील बैठकीत असेल तर तुम्ही स्थानकावर ताटकळणार. तिच्या प्रेमाला नाही म्हणायचे नसेल, तर तिला वेगळे काम द्यावे. रेल्वेची तिकिटे, हॉटेलची खोली, संग्रहालयांची प्रवेशपत्रे ही ठरलेली मोठी खर्चाची बाब तिने घरी बसून स्वतःच्या कार्डावरून आधीच उरकून टाकावी. हॉटेलचे आरक्षण मात्र तुमच्या नावावर आणि पूर्ण पैसे भरलेले असावे, कारण केवळ हमीसाठी कार्ड दिलेले असेल तर काही हॉटेले तेच कार्ड दाखवायला सांगतात. लेकीकडून पैसे घेणे यजमानांना रुचत नसेल, तर तिच्या भारतातील एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या रुपयांतील खात्यात, रुपये जमा करण्याची सोय आहे. रक्कम मोठी असेल तर आधी आपल्या सी.ए.शी एकदा बोलावे.

यजमानांच्या पट्ट्याकडे मी आदरानेच पाहते. रोख मोजताना हातातून पैसा जातो आहे हे कळते, ही त्यांची भावना खरी आहे आणि अंथरूण पाहून पाय पसरण्याची ती सवय त्यांच्या पिढीने कष्टाने लावून घेतलेली आहे. पण सहा हजार युरोंचा बेत नियमातच बसत नाही. एका प्रवासासाठी माणशी 3,000 अमेरिकी डॉलर किंवा तेवढ्या मूल्याचेच परकीय चलन नोटांच्या रूपात घेता येते, उरलेले कार्डावर किंवा अन्य मार्गाने न्यावे लागते. युरो सध्या डॉलरपेक्षा महाग असल्यामुळे दोघांचे मिळूनही सहा हजार युरो त्या मर्यादेबाहेर जातात. तसे नसते तरी मी एवढी रोख नेऊ नका असेच सांगितले असते. पॅरिसची मेट्रो, बार्सिलोनाचा ला राम्ब्ला, रोमचे तेर्मिनी स्थानक ही ठिकाणे पाकीटमारीसाठी प्रसिद्ध आहेत. कार्ड गेले तर ते दोन मिनिटांत बंद करता येते, पण हरवलेली नोट कोणत्याही फोनने बंद करता येत नाही.

रोख अजिबात नको, असेही नाही. जर्मनीत अजूनही काही बेकऱ्यांत आणि लहान खानावळींत फक्त रोख चालते किंवा तिथले स्थानिक डेबिट कार्ड चालते, आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी नाणी लागतात. याच्या उलट अ‍ॅमस्टरडॅमच्या ट्राममध्ये रोख घेतच नाहीत. तिथे चढताना दारातील यंत्राला कार्ड टेकवायचे आणि उतरतानाही आठवणीने टेकवायचे असते. उतरताना विसरले तर जास्त रक्कम कापली जाते, आणि दोघांना एकच कार्ड दोनदा टेकवून प्रवास करता येत नाही. दोन स्वतंत्र कार्डांचा आग्रह मी धरते, त्याचे हेही एक कारण आहे. तुमच्या आठ दिवसांसाठी माणशी तीनशे ते चारशे युरो आणि स्वित्झर्लंडसाठी थोडे फ्रँक पुरेसे व्हावेत. तिथे युरो चालत नाही असे नाही, पर्यटकांच्या दुकानांत तो घेतात, पण दुकानदाराच्या दराने घेतात आणि सुटे फ्रँकमध्ये परत करतात. परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच, पावती घेऊन आणि वीस व पन्नासच्या नोटांतच घ्यावे, कारण शंभर किंवा दोनशे युरोंची नोट अनेक दुकानदार नाकारतात. ही खरेदी विमानतळावर करू नये, कारण तिथले दर सहसा सर्वांत वाईट असतात.

यजमानांच्या ‘उधारीचे कार्ड’ या शब्दांकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. कार्ड वापरल्याबरोबर व्याज सुरू होत नाही. समजा, तुमचे बिल दर महिन्याच्या 10 तारखेला निघते आणि ते भरायला 20 दिवसांची मुदत आहे. 11 तारखेला केलेला खर्च पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या बिलात येईल आणि तो भरायला तुम्हाला एकूण जवळजवळ 50 दिवस मिळतील. 9 तारखेच्या खर्चाला मात्र तीनच आठवडे मिळतील. त्या मुदतीत संपूर्ण रक्कम भरली तर व्याजाचा एक रुपयाही लागत नाही. या अर्थाने ते वाण्याच्या वहीसारखे आहे, महिनाअखेर चुकते केले की हिशेब मिटला. उधारी सुरू होते ती बिलावर छापलेल्या ‘मिनिमम ड्यू’ या रकमेपासून. एक लाख वीस हजारांच्या बिलावर सहा हजार भरले तरी चालतील, असे ते वाक्य सांगते आणि ते वाचून अनेकांना दिलासा वाटतो. पण महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के, हा दर अनेक कार्डांवर असतो. उरलेल्या 1,14,000 रुपयांवर एका महिन्याचे व्याज 3,990 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून सुमारे 4,700 रुपये होतात. हे व्याज खर्चाच्या तारखेपासून मोजले जाते, आणि जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कुणाची फसवणूक होत असेल तर ती इथे होते, आणि तीही परदेशात नव्हे, घरी परतल्यावर होते.

म्हणून कार्ड मिळाल्याबरोबर संपूर्ण बिलाची रक्कम तुमच्या खात्यातून आपोआप वळती करण्याची सूचना बँकेला द्यावी. अर्जावर ‘संपूर्ण रक्कम’ आणि ‘किमान रक्कम’ असे दोन पर्याय असतात, तिथे पहिल्यावरच खूण झाली आहे ना हे स्वतः पाहावे. बिलाची तारीख तुम्ही परदेशात असतानाच आली तरी मग काळजी राहत नाही. यजमानांना हे समजावून सांगताना वाद घालण्याची गरज नाही. प्रवासासाठी ठरवलेली रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवावी, त्याच खात्यातून बिल जावे, आणि कार्डाची मर्यादाही तेवढीच करून घ्यावी. मग कार्ड कुणाची उधारी राहत नाही, ते आपल्याच पैशांची किल्ली होते.

सोसायटीतील गृहस्थांचा सल्ला सद्‌हेतूचा आहे आणि ऐकायला अगदी शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच तो सर्वांत महागात पडू शकतो. परदेशी दुकानात भारतीय कार्ड मशीनमध्ये घातले, की पडद्यावर अनेकदा विचारले जाते की पैसे युरोत द्यायचे की रुपयांत. रुपयांचा आकडा पाहून बरे वाटते. मलाही व्हिएन्नातील एका दुकानात बरे वाटले होते आणि मी तोच पर्याय दाबला होता. पण तो रुपयांचा दर तुमच्या बँकेचा किंवा व्हिसा-मास्टरकार्डचा नसतो. तो त्या दुकानाच्या मशीनमागील कंपनीचा असतो आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. हिशेब सोपा राहावा म्हणून एक युरो शंभर रुपयांचा धरू. दोनशे युरोंची वस्तू घेतली आणि बिल युरोतच केले, तर 20,000 रुपये होतील. त्यावर आपली बँक परकीय चलनाचे शुल्क, ज्याला सगळे फॉरेक्स मार्कअप म्हणतात, ते लावील. अनेक कार्डांवर हे शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत असते आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे 826 रुपये. एकूण 20,826. तेच बिल रुपयांत केले आणि मशीनवाल्याने दरात सहा टक्के चढवले, तर आकडा आधीच 21,200 होतो. त्यावर आणखी एक धक्का असा, की परदेशातील दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपल्याकडील अनेक बँका सुमारे एक टक्का आणि जीएसटी आकारतात. म्हणजे सुमारे 21,450 रुपये झाले. एका वस्तूमागे सहाशेहून अधिक रुपये केवळ आपल्या ओळखीचे चलन दिसावे म्हणून गेले.

त्यामुळे ज्या देशात उभे आहात, त्या देशाचेच चलन निवडावे: फ्रान्समध्ये युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. कधी कधी दुकानदार किंवा वेटर मशीन आपल्या हातात देण्याआधी स्वतःच रुपयांचे बटण दाबतो. पावतीवर रुपये दिसले तर संकोच न करता व्यवहार रद्द करून युरोत पुन्हा करायला सांगावे. पर्याय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, ते काही उपकार करत नाहीत. पडद्यावरील भाषा कळली नाही तर युरोसाठी ‘ईयूआर’ (EUR) किंवा फ्रँकसाठी ‘सीएचएफ’ (CHF) ही तीन अक्षरे शोधावीत. एटीएमवरही हाच प्रश्न येतो आणि तिथेही उत्तर हेच आहे.

मार्कअपचे शुल्क सगळ्या कार्डांवर सारखे नसते. काही कार्डांवर ते दोन टक्के असते, काहींवर अजिबात नसते. अर्ज करण्यापूर्वी बँकेत जाऊन नेमका हाच एक प्रश्न विचारावा आणि उत्तर शुल्कपत्रकात छापलेले दाखवायला सांगावे. लाउंजच्या आणि पॉइंटांच्या गोष्टी नंतर ऐकाव्यात.

यजमानांना कार्डाची भीती तरीही वाटत असेल, तर त्यांच्यासाठी फॉरेक्स कार्ड हा चांगला मधला मार्ग आहे. त्यात आधी पैसे भरून युरो आणि फ्रँक घेऊन ठेवायचे असतात, दर त्या दिवशीच ठरतो आणि भरल्यापेक्षा जास्त खर्च होऊच शकत नाही. हातातून पैसा जाताना दिसावा, ही त्यांची अपेक्षा त्यात बरीचशी पुरी होते. फ्रँक भरलेले नसताना स्वित्झर्लंडमध्ये ते वापरले तर चलन बदलाचे वेगळे शुल्क लागते आणि उरलेले पैसे परत घेताना दर कमी मिळतो, म्हणून अंदाजाने थोडे कमीच भरावे आणि लागल्यास घरबसल्या पुन्हा भरावे. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत, म्हणजे परदेशी नेता येणाऱ्या पैशांच्या वार्षिक मर्यादेत, मोजली जाते. पण एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात माणशी दहा लाख रुपयांपर्यंतच्या अशा खर्चावर टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात नाही, त्यामुळे तुम्हाला त्याची चिंता नको. परदेशात प्रत्यक्ष असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या त्या योजनेत धरलाच जात नाही.

हॉटेले आणि भाड्याच्या गाड्या मात्र अनामत म्हणून क्रेडिट कार्डच मागतात. हॉटेल काही रक्कम प्रत्यक्ष न घेता अडवून ठेवते आणि तुम्ही निघाल्यावर ती मोकळी व्हायला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. तेवढी मर्यादा त्या काळात कमी झालेली दिसते, तेव्हा पैसे चोरीला गेले असे समजून घाबरू नये. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिले, तर हीच अडवणूक तुमच्या प्रत्यक्ष पैशांची होते.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख कधीही काढू नये. त्यावर बिनव्याजी मुदत नसते, व्याज त्याच दिवसापासून सुरू होते आणि काढण्याचे शुल्क वेगळे लागते. शंभर युरो काढायला पाचशे रुपये शुल्क, वर मार्कअप, वर व्याज, असा हा व्यवहार असतो. रोख संपलीच तर फॉरेक्स किंवा डेबिट कार्डाने, एखाद्या बँकेच्या भिंतीतील एटीएममधून काढावी.

आता तयारीच्या गोष्टी. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये केलेल्या नियमामुळे नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशांतर्गत आणि प्रत्यक्ष वापरासाठी चालू असते. आंतरराष्ट्रीय वापर, ऑनलाइन वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावी लागते. कार्ड परदेशात ‘चालत नाही’ अशा ज्या तक्रारी मी ऐकल्या, त्यांतील निम्म्यांहून अधिक वेळा ही कळच बंद होती. ती प्रवासाच्या आदल्या दिवशी चालू करावी, रोजच्या खर्चाची मर्यादाही तिथेच ठरवावी आणि क्रेडिट कार्डावर आंतरराष्ट्रीय एटीएमची सोय बंदच ठेवावी. ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो, म्हणून लेकीने जर्मन सिम दिले तरी भारतीय सिम फोनमध्ये राहू द्यावे आणि त्यावर रोमिंग चालू करून घ्यावे. परदेशातील काही संकेतस्थळे ओटीपी न विचारताही पैसे घेतात, त्यामुळे कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे कुणालाही छायाचित्र काढून पाठवू नयेत, लेकीलाही नाही.

प्रवासाला तीन महिने असताना तुम्ही पत्र लिहिले हे फार बरे झाले. कार्ड आताच काढा आणि एक महिना इथेच वापरा. राम मारुती रस्त्यावर साडी घेताना, औषधांच्या दुकानात, वाणसामान भरताना स्वतः कार्ड काढा, स्वतः पिन दाबा, आलेला संदेश वाचा आणि पहिले बिल दोघांनी समोर ठेवून एकेक ओळ तपासा. भारतात पाच हजारांपर्यंतची रक्कम टेकवून, पिनशिवाय देता येते. त्यामुळे पिन वापरायची सवय मोडते आणि परदेशात मशीनने तो अचानक मागितला की माणूस गोंधळतो. सरावासाठी काही वेळा मुद्दाम कार्ड मशीनमध्ये घालून पिन दाबावा. यजमानांनाही सोबत न्यावे. इथल्या दुकानात झालेली चूक लगेच दुरुस्त करता येते आणि पाहणारा माणूस ओळखीचा असतो.

कार्ड हरवले तर काय करायचे, हे आधी ठरलेले असावे. पहिले काम ॲपमधून कार्ड बंद करणे, कारण ते फोन लागण्याची वाट पाहत नाही. दुसरे काम बँकेला फोन करणे. बँकेचे 1800 ने सुरू होणारे क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत, म्हणून अधिक 91 ने सुरू होणारा क्रमांक वहीत लिहून घ्यावा आणि ती वही कार्डाच्या पाकिटात ठेवू नये. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी गैरव्यवहार केला आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तो कळवला, तर तुमच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित असते. पण पिन कुणाला सांगितला असेल किंवा कार्डासोबत लिहून ठेवला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच. लेकीच्या त्या चिठ्ठीचा मला धसका वाटतो, तो यामुळे.

इतर देशांत जाणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. अमेरिकेत उपाहारगृहात वेटर कार्ड घेऊन आत जातो आणि पावतीवर टिपची रक्कम आपण नंतर लिहितो, त्यामुळे पहिल्या संदेशातील रक्कम आणि बिलातील रक्कम वेगळी असते. ती पावती जपून ठेवावी. तिथल्या पेट्रोलपंपाचे यंत्र पिनकोड मागते आणि आपला सहा आकडी क्रमांक त्याला कळत नाही, तेव्हा आत जाऊन पैसे द्यावेत. लंडनच्या भुयारी रेल्वेत ज्या कार्डाने आत गेलात, त्याच कार्डाने बाहेर पडावे; कार्ड टेकवून आत आणि त्याच कार्डाशी जोडलेला फोन टेकवून बाहेर, असे केल्यास दोन वेगळे प्रवास धरले जातात. यूपीआयवर अवलंबून निघण्याची वेळ अजून आलेली नाही. 2024 च्या फेब्रुवारीत आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ते सुरू झाले याचा आनंद आहेच, पण त्या टॉवरशेजारची कॉफी त्यावर मिळेल असे धरून चालू नये.

ताई, यजमानांकडे एक काम सोपवावे असे मला मनापासून वाटते, कारण हिशेबाची शिस्त त्यांची आहे आणि ती या प्रवासात हवी आहे. रोज रात्री हॉटेलवर परतल्यावर दोघांच्या पावत्या एका खाकी पाकिटात टाकून त्यावर तारीख लिहावी आणि वहीत त्या दिवसाचे युरो मांडावेत. ठाण्याला परतल्याबरोबर दोन्ही कार्डांवरील आंतरराष्ट्रीय वापर पुन्हा बंद करावा. त्यानंतरची दोन बिले त्या पावत्यांशी जुळवून पाहावीत, कारण हॉटेलचे राहिलेले किरकोळ पैसे किंवा रद्द केलेल्या तिकिटाचा परतावा उशिरा येतो. परताव्याचा दर त्या दिवसाचा असल्यामुळे रक्कम शंभर-दोनशे रुपयांनी वेगळी दिसेल, ती चूक नव्हे. जी ओळ मात्र कोणत्याही पावतीशी जुळणार नाही, ती दिसताच त्याच दिवशी बँकेला लेखी कळवावी. कार्ड तुमच्या नावाचे असेल, तर ते पत्र तुमच्या सहीने जाईल.